अपोफिस : पृथ्वीजवळून जाणारा एक लघुग्रह
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर पटनोंदणी, पोषण आहाराच्या नोंदी व वाचन-उपक्रम हे नेहमीचे विषय आहेत आणि ते यथाक्रम होतीलच. त्यांच्या आधीचा थोडा वेळ मी एका दगडासाठी मागून घेतला आहे. हा दगड सुमारे ३४० मीटर व्यासाचा आहे, तो सूर्याभोवती फिरतो, आणि आपल्या घड्याळाप्रमाणे १४ एप्रिल २०२९ रोजी पहाटे सव्वातीनच्या सुमारास तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटर अंतरावरून निघून जाणार आहे. त्याचे नाव अपोफिस. तो पृथ्वीवर आदळणार नाही. हे वाक्य मी आरंभीच उच्चारून ठेवतो, कारण पुढील सर्व विवेचन ऐकताना ते आपल्या ध्यानात असावे अशी माझी इच्छा आहे.

हा विषय निवडण्यास एक निमित्त झाले. तालुक्यातील एका वस्तीशाळेत मी तपासणीस गेलो असता चौथीतील एका मुलीने मला विचारले, "साहेब, आकाशातला डोंगर पडणार तेव्हा आमचा वर्ग कितवीत असेल?" तिच्या मोठ्या भावाच्या मोबाइलवर कोणीतरी पाठविलेले चित्र तिने पाहिले होते : जळता गोळा, फुटलेली पृथ्वी आणि खाली तारीख. वर्गशिक्षक हसून म्हणाले, "मग काय, कायमची सुट्टी!" वर्गही हसला, ती मुलगी मात्र हसली नाही. शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता. परंतु भ्यालेल्या मुलाला विनोदाने गप्प करणे व त्याचे समाधान करणे यांत अंतर आहे, आणि समाधान करावयाचे तर आपणांस विषय माहीत असला पाहिजे. २०२९ साल जसजसे जवळ येईल तसतशी असली चित्रे वाढत जातील. आज पहिलीत बसणारी मुले त्या वेळी वरच्या वर्गांत असतील, आणि गावातील मोठी माणसेही "गुरुजी, खरे काय आहे?" असे विचारावयास आपल्याकडेच येतील.

प्रथम लघुग्रह म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो. सूर्यमाला घडत असताना ग्रहांत सामावून न गेलेले जे खडक उरले ते लघुग्रह होत. त्यांपैकी बहुतेक मंगळ व गुरू यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात फिरतात. पाचवीच्या परिसर अभ्यासात आपण सूर्यमाला शिकवितो तेव्हा या पट्ट्याचा उल्लेख करतोच. परंतु काही लघुग्रह गुरूच्या ओढीने व अन्य कारणांनी त्या पट्ट्यातून निसटून आत आले आहेत आणि त्यांच्या कक्षा पृथ्वीच्या कक्षेजवळून जातात. अपोफिस त्या जातीचा आहे.

त्याचा शोध १९ जून २००४ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात किट पीक येथील वेधशाळेतून लागला. रॉय टकर, डेव्हिड थोलेन व फाब्रित्सिओ बेर्नार्दी हे त्याचे शोधक. शोधाची पद्धत मुलांना सांगण्याजोगी आहे. आकाशाच्या एकाच भागाची काही मिनिटांच्या अंतराने छायाचित्रे घ्यावयाची व ती एकमेकांवर ठेवून पाहावयाची. तारे जागच्या जागी राहतात. जो ठिपका सरकलेला दिसतो तो तारा नव्हे. वर्गात फळ्यावर वीस ठिपके काढावेत, मुलांना डोळे मिटावयास सांगून त्यांतील एकच ठिपका बोटभर सरकवावा व कोणता सरकला ते विचारावे. वर्ग चटकन रमतो असा माझा अनुभव आहे.

त्या जूनमध्ये या ठिपक्याचे वेध दोनच रात्री मिळाले, आणि मग तो हरवला. दोन रात्रींच्या वेधांवरून कक्षा निश्चित करता येत नाही. बाजारच्या रस्त्यावर एखादा सायकलस्वार दोन पावलांपुरता दिसला तर तो कोणत्या गावी चालला आहे हे कसे सांगावे? त्यास पुनः शोधून काढले ते १८ डिसेंबर २००४ रोजी, ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग येथून गॉर्डन गॅरड यांनी. मग गणिते सुरू झाली आणि १३ एप्रिल २०२९ ही जागतिक वेळेप्रमाणे येणारी तारीख पुढे आली. २३ डिसेंबरच्या सुमारास टक्कर होण्याची शक्यता सुमारे ३०० त एक अशी निघाली. दुसऱ्या दिवशी ती साठात एकच्या आसपास गेली. २७ डिसेंबरला ती ३७ त एक, म्हणजे सुमारे २.७ टक्के, इतकी झाली. अशा धोक्यांसाठी शास्त्रज्ञांनी शून्य ते दहा अंकांचे एक प्रमाण ठरविले आहे. त्याला तोरिनो मापश्रेणी म्हणतात. अपोफिस त्या वेळी चार अंकांवर पोचला, आणि त्यानंतर आजवर दुसरा कोणताही लघुग्रह तेथवर गेलेला नाही.

याच आठवड्यात, २६ डिसेंबर २००४ रोजी, सुमात्राजवळ समुद्रतळाशी भूकंप होऊन त्सुनामीच्या लाटा उठल्या. तामिळनाडूचा किनारा, अंदमान-निकोबार, श्रीलंका, इंडोनेशिया येथे झालेला अनर्थ आपणांस आठवत असेल. मोजके खगोलवेत्ते आकाशातील एका ठिपक्याची गणिते करीत असताना खरे संकट समुद्राच्या पोटातून आले. साहजिकच जगाचे लक्ष तिकडे होते, आणि अपोफिसची वार्ता त्या दिवसांत फारशी कोणापर्यंत पोचलीच नाही.

२७ डिसेंबरलाच एक महत्त्वाची गोष्ट घडली. अपोफिस सापडण्यापूर्वी, १५ मार्च २००४ रोजी, ॲरिझोनातील दुसऱ्या एका दुर्बिणीतून घेतलेल्या जुन्या छायाचित्रांत तो टिपला गेल्याचे आढळले. तीन महिने आधीची जागा हाती आल्याबरोबर कक्षेचे गणित पक्के झाले आणि २०२९ सालच्या टकरीची शक्यता शून्य ठरली.

येथे थोडे थांबतो. ज्या मुद्द्यावर लोकांचा सर्वांत अधिक घोटाळा होतो तो हाच आहे. तीनशेत एक, मग साठात एक, मग सदतिसात एक, असे संकट वाढत चालले होते आणि एकाएकी शून्य झाले, हे कसे? शास्त्रज्ञांनी काही लपविले तर नाही ना? अशी शंका शिकलेल्या माणसांनीही मजजवळ काढली आहे. तिचे उत्तर अंगणात देता येते. फक्कीने दहा पावले व्यासाचे एक वर्तुळ आखा. 'लघुग्रह त्या दिवशी या वर्तुळात कोठेतरी असेल, नेमका कोठे ते ठाऊक नाही' असा त्याचा अर्थ. वर्तुळात, मध्यापासून एका बाजूस, एक ताटली ठेवा, ती पृथ्वी. वर्तुळाच्या मानाने ताटली अगदी लहान, म्हणून शक्यता थोडी. आता नवे वेध मिळाले, आपले अज्ञान कमी झाले, म्हणून मध्याभोवती पाच पावलांचे वर्तुळ आखा. ताटली अद्याप आतच आहे. ताटली वाढली नाही, जवळही आली नाही; परंतु वर्तुळ लहान झाल्यामुळे त्यातील तिचा वाटा वाढला. शक्यता वाढली ती एवढ्याच अर्थाने. आणखी वेध, आणखी लहान वर्तुळ, आणखी मोठा वाटा. शेवटी एक पाऊलभराचे वर्तुळ आखले की ताटली बाहेर पडते, आणि तिचा वाटा शून्य होतो. लघुग्रह या सर्व काळात ठरलेल्या वाटेनेच चालला होता. लहानमोठे होत होते ते आपले अज्ञान. सातवीच्या मुलांकडून या वर्तुळांची क्षेत्रफळे काढवून प्रत्येक वेळचे गुणोत्तर मांडवून घ्यावे. संभाव्यता या शब्दाचा अर्थ त्यांना असा समजेल की तो पुढे विसरावयाचा नाही.

शंका तेवढ्यावर संपल्या नाहीत. २०२९ मध्ये जवळून जाताना पृथ्वीच्या ओढीने अपोफिसची कक्षा बदलणार आहे. जाताना तो आकाशातील एका विवक्षित अरुंद पट्टीतून, अवघ्या सहाशे मीटर रुंदीच्या फटीतून, गेला असता तर २०३६ साली परत येऊन आदळला असता. ही शक्यता २०१३ च्या वेधांनी निकालात निघाली. राहिले २०६८. त्यासाठी मार्च २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथून रेडिओलहरी अपोफिसवर सोडण्यात आल्या व त्यांचा प्रतिध्वनी टिपण्यात आला. त्या वेळी तो आपल्यापासून सुमारे १ कोटी ७० लाख किलोमीटर दूर होता, आणि तरी त्याचे अंतर अतिशय सूक्ष्मतेने मोजता आले. त्या मापनानंतर निदान शंभर वर्षे अपोफिस पृथ्वीवर आदळणार नाही असे नासा या अमेरिकन संस्थेने जाहीर केले आणि धोक्याच्या यादीतून त्याचे नाव काढून टाकले. तोरिनो मापश्रेणीवर आज त्याचा अंक शून्य आहे.

एका दगडाची वाट ठरविण्यास इतकी वर्षे का लागावीत? याचे एक कारण मोठे मनोरंजक आहे. दुपारी तापलेली फरशी सूर्यास्तानंतरही उष्णता बाहेर टाकीत राहते, हे आपण जाणतोच. लघुग्रहाचेही तसेच. सूर्याकडील बाजू तापते, तो फिरत असल्यामुळे ती बाजू वळते, आणि वळल्यानंतर उष्णता बाहेर टाकते. बाहेर पडणारी उष्णता दगडाला उलट दिशेने अत्यंत सूक्ष्म रेटा देते. या परिणामास यार्कोव्हस्की परिणाम म्हणतात. अपोफिसच्या बाबतीत त्यामुळे कक्षा वर्षाला दोनशे मीटरांच्या आतबाहेर आकसत जाते. कोट्यवधी किलोमीटरांच्या कक्षेत दोनशे मीटर म्हणजे काहीच नाही. पण पन्नास-साठ वर्षांचे भाकित करावयाचे असेल तर हाही हिशेब धरावा लागतो. सावकाराच्या व्याजासारखी ही रक्कम आहे. एका महिन्यात ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

आता कक्षेकडे वळू. सूर्यापासून पृथ्वीचे सरासरी अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर. त्याला खगोलीय एकक म्हणतात. अपोफिसचे सरासरी अंतर ०.९२ एकक आहे. सूर्याच्या अगदी जवळ असताना तो ०.७५ एककावर, म्हणजे शुक्राच्या कक्षेच्या थोडा बाहेर, आणि अगदी दूर असताना १.१० एककावर असतो. एका प्रदक्षिणेस त्याला सुमारे ३२४ दिवस लागतात. त्याच्या कक्षेचे प्रतल पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी सुमारे ३.३ अंशांनी कललेले आहे.

हे आकडे फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करवून घ्यावेत असे मला मुळीच वाटत नाही. ते पटांगणात आखावेत. दोन मीटर म्हणजे एक खगोलीय एकक असे प्रमाण धरा. एक खुंटी रोवा, ती सूर्य. तिच्याभोवती दोन मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. ती पृथ्वीची वाट. पहिल्या खुंटीपासून ७० सेंटिमीटरवर दुसरी खुंटी रोवा. चार मीटर चाळीस सेंटिमीटर घेराची सुतळीची कडी करून ती दोन्ही खुंट्यांत अडकवा, आणि तिसरी टोकदार काठी सुतळी ताणून धरीत सभोवार फिरवा. जे दीर्घवर्तुळ उमटेल ती अपोफिसची वाट. सूर्य दीर्घवर्तुळाच्या मध्यावर नसतो, एका नाभीत असतो, हे केप्लरचे वचन आपण डी.एड.ला असताना पाठ केले होते. येथे ते पायांखाली दिसते. ही वाट पृथ्वीच्या वाटेला दोन ठिकाणी छेदते. मात्र हा छेद कागदावरचा आहे. दोन कक्षांची प्रतले कललेली असल्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही वाटा एका छेदापाशीच अतिशय जवळ येतात, आणि पृथ्वी त्या ठिकाणी दर वर्षी एप्रिल महिन्याच्या मध्याच्या सुमारास पोचते. दोन पातळ थाळ्या किंचित तिरप्या धरून हा कल दाखविता येईल.

पृथ्वी दर एप्रिलमध्ये तेथे येते, मग अपोफिसची भेट दर वर्षी का होत नाही? दोन गाड्यांच्या वाटा एका नाक्यावर मिळाल्या म्हणून गाड्या रोज एका वेळी त्या नाक्यावर येतातच असे नाही. येथे गणिताचा तास आपोआप सुरू होतो. ३२४ ला ९ ने गुणा : २,९१६. ३६५ ला ८ ने गुणा : २,९२०. म्हणजे पृथ्वीच्या आठ फेऱ्यांत अपोफिसच्या जवळजवळ नऊ फेऱ्या होतात, आणि सुमारे आठ वर्षांनी दोघे एकमेकांच्या आसपास येतात. २००४, मग २०१२-१३, मग २०२१, मग २०२९. लसावि कशासाठी शिकावयाचा असे विचारणाऱ्या मुलास याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही. दर भेट सारखी जवळची नसते. २०२९ ची विलक्षण जवळची आहे.

किती जवळची, यासाठी एक डाळिंब घ्या, आठ सेंटिमीटर व्यासाचे. ते पृथ्वी. या प्रमाणात चंद्र म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटरांची सुपारी, आणि ती डाळिंबापासून जवळजवळ अडीच मीटरांवर ठेवावी लागते. अपोफिस डाळिंबाच्या सालीपासून वीस सेंटिमीटरांवरून, म्हणजे सुमारे वीतभर अंतरावरून, जाणार. आपल्या घरांवरील डिशला चित्रे पाठविणारे उपग्रह जमिनीपासून सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतात; अपोफिस त्यांच्याही आतून जाईल. इतका मोठा लघुग्रह इतक्या जवळून जाण्याचा प्रसंग सहस्रावधी वर्षांतून एखाद्या वेळीच येतो. वीतभर अंतर ऐकून मुले दचकतील. त्यांना पुढचा प्रश्न विचारावा : या प्रमाणात अपोफिस केवढा? त्याचे उत्तर मिलिमीटराचा सुमारे पाचशेवा भाग असे येते. डोक्यावरचा केसही त्याच्या कितीतरी पट जाड असतो. डाळिंबापासून वीतभर अंतरावरून धुळीचा एक अदृश्य कण सरकून गेला, एवढाच हा प्रसंग आहे.

तथापि या कणाला क्षुल्लक समजू नये. ३४० मीटर म्हणजे एकावर एक ठेवलेले साडेचार कुतुबमिनार. रडारच्या वेधांवरून त्याचा आकार भुईमुगाच्या शेंगेसारखा, दोन गोळे जोडल्यासारखा असावा असे दिसते; लांबीकडून तो ४५० मीटरांहून कमी नाही. असा दगड खरोखरच आदळला तर एखाद्या मोठ्या प्रदेशाची भयंकर हानी होईल. सारी पृथ्वी फुटेल हे मात्र मोबाइलवरील चित्रकाराचे म्हणणे आहे, शास्त्राचे नव्हे.

त्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशाचे पृथक्करण केले असता तो ऑलिव्हिन व पायरॉक्सिन या सिलिकेट खनिजांचा बनलेला असावा असे आढळते. पृथ्वीवर सापडणाऱ्या अशनींचा एक वर्ग तशाच घडणीचा आहे. जपानच्या हायाबुसा यानाने इतोकावा नावाच्या अशाच जातीच्या लघुग्रहावरील धूळ २०१० साली पृथ्वीवर आणली. इतोकावा अखंड खडक नसून दगडगोट्यांचा सैल ढीग आहे. अपोफिसही तसाच असण्याचा संभव आहे. तो लट्टूसारखा नीट एका अक्षाभोवती फिरत नाही. झोकांड्या खात, डुलत फिरतो. सुमारे तीस तासांनी त्याच्या उजेडाचा चढउतार पुनः तसाच दिसतो. त्यावरील गुरुत्व पृथ्वीच्या गुरुत्वाच्या साधारण एक लक्षांश आहे. तेथे उभे राहून एखाद्या मुलाने गोटी हळूच वर फेकली तरी ती परत खाली यावयाची नाही. आट्यापाट्या खेळणारे मूल तर पहिल्या उडीलाच लघुग्रह सोडून जाईल. मुलांना ही कल्पना फार आवडते. तीवर निबंध लिहवून घ्यावा.

आता नावाविषयी. २००५ साली त्यास ९९९४२ हा अनुक्रमांक व अपोफिस हे नाव मिळाले. प्राचीन मिसर देशाच्या पुराणांत सूर्यदेवावर रोज रात्री हल्ला करणारा अपेप नावाचा सर्प आहे; त्याचे ग्रीक रूप म्हणजे अपोफिस. आपल्याकडील राहूची आठवण व्हावी असा हा सर्प आहे. नाव ठेवले त्या काळी २०३६ ची शंका अद्याप फिटलेली नव्हती, आणि नाव भयंकर असल्यामुळे बातम्या लिहिणाऱ्यांची सोय झाली. या दगडाचे नाव त्यांनी चाफा ठेवले असते तर निम्मी भीती मुळात उपजलीच नसती.

आकाशातून दगड पडतच नाहीत असे मात्र मुलांना सांगू नये. ते असत्य होईल, आणि महाराष्ट्रात तर त्याचा पुरावा उभा आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर ज्या विवरात आहे ते अशनीच्या आघाताने बनलेले आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, आणि ते आपल्या काळ्या बेसॉल्ट खडकात कोरले गेले आहे. बेसॉल्टातील इतके उत्तम राखले गेलेले आघातविवर पृथ्वीवर अन्यत्र दुर्मीळ आहे, म्हणून जगातील अभ्यासक तेथे येतात. त्याच्या वयाविषयी एकमत नाही. एका मापनाप्रमाणे ते सुमारे पन्नास हजार वर्षांचे, तर दुसऱ्याप्रमाणे साडेपाच लाखांहून अधिक वर्षांचे आहे. लवणासुराची कथा तेथील लोक सांगतात. ती जरूर सांगावी, आणि मग खडकाचीही कथा सांगावी. रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सुमारे वीस मीटरांचा एक दगड हवेतच फुटला. सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, बहुतेक खिडक्यांच्या काचा फुटून. प्रखर उजेड दिसला म्हणून लोक खिडकीशी धावले, आणि धक्का मागाहून पोचला. वीज चमकते तेव्हा गडगडाट मागाहून येतो हे आपण तिसरीपासून शिकवितो. ते ज्ञान ज्यांना त्या क्षणी आठवले ते खिडकीपासून दूर झाले असतील.

मनुष्य अशा वेळी अगदीच निरुपाय राहिलेला नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाने डार्ट नावाचे यान डायमॉर्फस या लहान लघुग्रहावर मुद्दाम आदळविले. तो डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे. आघातानंतर हा काळ सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाला. पुरेशी पूर्वसूचना मिळाल्यास दगडाला किंचित ढकलून त्याची वाट बदलता येते, हे यावरून सिद्ध झाले. अपोफिसला ढकलण्याची गरज नाही. त्याला जवळून पाहावयाचे आहे. बेन्नू या लघुग्रहावरील माती २०२३ साली पृथ्वीवर टाकून पुढे गेलेले अमेरिकन यान २०२९ च्या भेटीनंतर अपोफिसपाशी न्यावयाचे, आणि युरोपचे रामसेस नावाचे यान भेटीच्या आधीच तेथे पोचवावयाचे, अशा योजना आहेत. पृथ्वीच्या ओढीने त्या ढिगाऱ्यातील दगड सरकतात का, त्याच्या झोकांड्या बदलतात का, हे त्यांना पाहावयाचे आहे. कक्षा तर बदलणारच. ३२४ दिवसांची प्रदक्षिणा या एका भेटीने सुमारे ४२३ दिवसांची होईल. पृथ्वीच्या वाटेच्या बहुधा आत राहणारा हा दगड पुढे बहुधा बाहेर राहू लागेल. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२९ हे लघुग्रहांविषयी जागृतीचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले आहे, तेव्हा त्या वर्षी याविषयीची परिपत्रकेही आपणांस येतीलच.

त्या रात्री काय दिसेल? अगदी जवळ असताना अपोफिसचे तेज सप्तर्षींतील सर्वांत मंद अशा अत्रि ताऱ्याच्या आसपास असेल. म्हणजे काळोख्या ठिकाणाहून नुसत्या डोळ्यांनी दिसेल, पण गावच्या दिव्यांत हरवेल. जळता गोळा नाही, शेपटी नाही, आवाज नाही. ताऱ्यांमधून हळूहळू सरकणारा एक ठिपका. उत्तम दर्शन युरोप, आफ्रिका व पश्चिम आशिया येथील लोकांना होईल. सर्वांत जवळ येण्याच्या क्षणी तो अटलांटिक महासागरावर असेल आणि आपल्या क्षितिजाखाली गेलेला असेल. आपण शोधावयाचा तर त्याआधीच्या तासांत, त्या वेळी प्रसिद्ध होणारे आकाशनकाशे पाहूनच. पहाटे सव्वातीनला उठून मुलांची निराशा करू नये. १३ एप्रिलची ती रात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीची पूर्वरात्र आहे. अनेक गावांत मध्यरात्रीपर्यंत माणसे जागीच असतील. जमलेल्या मंडळींना दोन शब्द सांगण्याची विनंती गुरुजींना व बाईंना होईल, आणि तेव्हा डाळिंबाचा व सुपारीचा दाखला उपयोगी पडेल.

त्या चौथीतील मुलीला मी काय उत्तर दिले असे कोणी विचारील, म्हणून सांगतो. मी तिच्याकडून इयत्ता मोजवून घेतली, आणि मग फळ्यावर पृथ्वी काढून तो दगड कोठून जाईल ते दाखविले. तिने विचारले, "साहेब, हे मोजले कोणी?" तिच्या मनातील खरा प्रश्न तोच होता. मग किट पीकपासून गोल्डस्टोनपर्यंतची हकीकत जमेल तेवढी सांगितली, तेव्हा मधली सुट्टी झाली.

सुतळी, तीन खुंट्या व फक्की मी बरोबर आणली आहे; डाळिंबाची व्यवस्था येथील मुख्याध्यापकांनी केली आहे. चहा झाल्यावर सर्वांनी समोरच्या पटांगणात यावे. दोन खुंट्यांमधील अंतर मोजण्यास मीटरपट्टी लागेल, ती ज्यांच्या वर्गात असेल त्यांनी कृपया घेऊन यावे.